पानात ठेवलेले बोट

बालपणी वाचलेले 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' आम्ही अलीकडे पुन्हा हाती घेतले. स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांचे हे पुस्तक १९८२ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले. त्याचे ४०० परिच्छेद क्रमाने वाचावयाचे नसतात. येथे वाचक हाच नायक. तो निवडील त्या क्रमांकाकडे कथा वळते, आणि लढतींचा निकाल दोन फासे लावतात. लहानपणी आम्ही मागल्या पानात बोट ठेवूनच पुढे जात असू. मरण ओढवले की निमूटपणे परतत असू. या खेपेस बोट काढून घेतले, आणि पुस्तकाचे खरे सामर्थ्य ध्यानी आले. नशीब आजमावावे, तर ते दर वेळी एका गुणाने घटते. योग्य किल्ल्या जवळ नसतील, तर मांत्रिकाला मारूनही पेटी उघडत नाही.

एक उणीव मात्र तेव्हा जाणवली नव्हती. नायक डोंगरात शिरतो तो खजिन्यासाठी. कोठे जावे, हे पुस्तक पदोपदी विचारते. कशासाठी जावे, हे कधीच विचारत नाही. तो प्रश्न वाचकानेच स्वतःला विचारावा. मुलांच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. बोट काढावयास सांगू नये. ते त्यांचे त्यांनाच कळेल.