‘तहजीबुल अख्लाक’ : नियतकालिक आणि विद्यापीठ

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९८२ साली, सय्यद हामिद हे कुलगुरू असताना, ‘तहजीबुल अख्लाक’ हे उर्दू नियतकालिक पुन्हा सुरू केले. संस्थापकाच्या वारशाचे जतन, असे ह्या घटनेचे वर्णन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. सर सय्यद अहमद खान ह्यांचे मूळ पत्र हे विद्यापीठाचे नव्हतेच. किंबहुना त्यातील धर्मविचाराला त्यांच्याच महाविद्यालयात स्थान नव्हते.

इंग्लंडहून परतल्यावर २४ डिसेंबर १८७० रोजी सर सय्यदांनी पहिला अंक काढला. त्या वेळी ते बनारस येथे न्यायखात्यात नोकरीस होते. ॲडिसन व स्टील ह्यांची ‘टॅटलर’ व ‘स्पेक्टेटर’ ही पत्रे त्यांनी नमुन्यादाखल पुढे ठेवली होती. इंग्रजी निबंधवाङ्मयाचा असाच संस्कार घेऊन चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली निघाली. मात्र सुधारणेच्या प्रश्नावर दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना होती.

ह्या पत्राने उर्दू गद्य साधे केले, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान तपासून घ्यावयास हवे. ‘आसारुस्सनादीद’ ह्या सर सय्यदांच्याच ग्रंथाची १८४७ची आवृत्ती अलंकारप्रचुर आहे, तर १८५४ची सुबोध आहे. मीर अम्मन व गालिब ह्यांची उदाहरणेही पूर्वीचीच. तेव्हा साधेपणा आधीच आला होता. ‘तहजीब’ने त्यात भर घातली ती युक्तिवादाची. प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे, त्याचे अवयव वेगळे करावे, मग एकेकाचे उत्तर द्यावे, ही शिस्त उर्दू वाक्याला येथे लागली. विरामचिन्हांचा आग्रह सर सय्यदांनी धरला तो ह्याच गरजेतून असावा. त्यांच्या गद्यात पुनरुक्ती पुष्कळ आहे आणि डौल कमी. परंतु विचार कोठे वळला हे वाचकाला नेमके कळते.

हा युक्तिवाद लटका नव्हता. ईश्वराचे वचन व निसर्गाचे नियम ह्यांत विरोध असू शकत नाही, हे सूत्र धरून ते कुराणाचा अर्थ लावू लागले, तेव्हा ‘नेचरी’ ही शिवी रूढ झाली व कुफ्राचे फतवे निघाले. १८७५ साली अलीगढ येथे शाळा उघडली. तिचेच पुढे महाविद्यालय झाले. तेथे धर्मशिक्षण परंपरानिष्ठ उलेमांकडे सोपविण्यात आले आणि सर सय्यद स्वतः त्यापासून दूर राहिले. अन्यथा देणग्याही मिळाल्या नसत्या व मुलेही आली नसती. ह्या तडजोडीला व्यवहारचातुर्य म्हणता येईल. पण तिच्यामुळे संस्था वाढली आणि ज्या विचारासाठी पत्र निघाले त्याला पाठशाळा उरली नाही. पत्र मात्र दोनदा बंद पडून दोनदा उठले व १८९७ साली थांबले. पुढच्याच वर्षी सर सय्यद निवर्तले. महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले ते १९२० साली.

पुनरुज्जीवित मासिकाने शिक्षण व विज्ञान ह्यांच्या प्रसारावर भर दिला, हे उचितच होय. पण मूळ पत्राच्या मागे कोणतीही संस्था नव्हती, म्हणूनच त्याला फतवे ओढवून घेणे परवडले. विद्यापीठाच्या मुद्रेने निघणाऱ्या मासिकाकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. मात्र त्यालाच जुन्या वादाचे पुढचे पर्व म्हणणेही बरोबर नाही. पाठ्यपुस्तकांतून ‘गुजरा हुआ जमाना’ व ‘उम्मीद की खुशी’ हे निबंध वारंवार भेटतात. निसर्गनियमांवरील लेख वाचावयाचे तर जुने अंकच उघडावे लागतात.