स्वतंत्र गिटारगीत आणि उच्चाराचा प्रश्न

संगीताच्या संदर्भात ‘स्वतंत्र’ हे विशेषण योजिले जाते तेव्हा त्याचा अर्थ बहुधा व्यापारविषयक असतो. मोठ्या कंपनीच्या भांडवलावाचून, कलावंताने स्वतः किंवा एखाद्या लहान प्रकाशनसंस्थेमार्फत काढलेली ध्वनिमुद्रिका ती स्वतंत्र, एवढीच ही व्याख्या. गेल्या काही वर्षांत इंग्लंड-आयर्लंडमध्ये व आपल्याकडे प्रसिद्ध झालेले काही गीतसंग्रह ऐकल्यावर ही व्याख्या अपुरी आहे असे वाटू लागते. कंपनीपासूनचे स्वातंत्र्य हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा भाग उच्चाराचा आहे. गाणारा मनुष्य ज्या बोलीत भांडतो, तीतच तो गातो काय, हा प्रश्न या संग्रहांना विचारावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे संग्रह प्रस्तुत लेखकाने मसुरे येथील मुक्कामात ऐकले. ही खाजगी बाब नमूद करण्यास कारण आहे. मालवण तालुक्यातील हे गाव गड नदीच्या काठी, भरतगडाच्या पायथ्याशी वसले आहे. आंगणेवाडी ही याच गावची वाडी. तेथील भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो, आणि त्या दीड दिवसात मुंबईकर चाकरमान्यांसह लाखो माणसे लोटतात. या हंगामात पंचक्रोशीत रात्री-अपरात्री दशावताराचे प्रयोग चालू असतात. दिवसा डब्लिन व दिल्ली, रात्री मृदंग व पायपेटी, असा श्रवणाचा क्रम पडल्यामुळे जी तुलना एरव्ही सुचली नसती ती आपोआप घडली.

२

प्रथम थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ नावाचे जे बंड झाले त्याचे सामर्थ्य वादनकौशल्यात नव्हते. तीन स्वरमेळ येणाऱ्या कोणासही गीत रचण्याचा अधिकार आहे, हा त्याचा सिद्धान्त होता. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने मित्रांकडून व नातलगांकडून ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गीतांची तबकडी स्वतःच काढली. कोणते गीत कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हेही त्यांनी वेष्टनावर छापले. हस्तकौशल्याचे गूढ उकलून दाखविणे हाच त्या वेष्टनाचा उद्देश होता. पंकचा आवेश ओसरल्यावर त्याच मुक्त भूमीवर अधिक विचारी, अधिक कोरडे, अनेकदा गाण्यापेक्षा बोलण्याकडे झुकणारे जे संगीत उभे राहिले त्यास ‘पोस्ट-पंक’ म्हणतात. मँचेस्टरच्याच ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) हा त्याचा एक प्रमाणग्रंथच होय.

या चळवळीचा सर्वांत टिकाऊ परिणाम उच्चारावर झाला. तोवरचे बहुसंख्य इंग्लिश गायक गाताना अमेरिकन उच्चार धारण करीत. पंकने व पोस्ट-पंकने मँचेस्टरला मँचेस्टरच्या आणि ग्लासगोला ग्लासगोच्या तोंडाने गाऊ दिले. गाव तेच होते, परंतु आता ते स्वतःच्या कानांना ऐकू येऊ लागले.

येथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. जिला पूर्वेचे मँचेस्टर म्हणत, त्या मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याच्या ओघात गिरणगाव मोडले. लालबाग-परळमधून जी माणसे कोकणात परतली ती मसुऱ्यासारख्याच गावांची होती. कापडाच्या धंद्याचा ऱ्हास दोन्ही नगरांच्या वाट्याला आला. परंतु एका नगरीच्या ऱ्हासातून गिटारचा एक नवा स्वर निर्माण झाला, दुसरीच्या ऱ्हासातून झाला नाही. मुंबईत गिटार नव्हती असे नाही. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. रंगभवनापासून लालबाग काही किलोमीटरांवरच आहे. पण त्या मंचावर आरंभीच्या काळात प्रामुख्याने पाश्चात्त्य बँडांचीच गीते वाजविली जात. महोत्सवाच्या नावात ‘इंडिपेंडन्स’ होता. उच्चारात तो नव्हता.

याचा अर्थ मराठीला ते धैर्य नव्हते असा मात्र नव्हे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, म्हणजे इंग्लिश पंकच्या आधीचा. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चे. रस्त्यावरच्या बोलीला काव्याचा अधिकार देण्याचे कार्य मराठी कवितेने इंग्लिश गिटारच्या आधीच पार पाडले होते. ते गिटारपर्यंत पोहोचले नाही, एवढेच. कविता आणि गिटार यांचे श्रोते वेगळ्या वर्गांतले होते व त्यांची भेट घडविणारा कोणी मध्यस्थ नव्हता.

३

आता प्रत्यक्ष संग्रहांकडे वळू. डब्लिनच्या ‘फाँटेन्स डी. सी.’ या बँडचा पहिला संग्रह ‘डॉगरेल’ २०१९ मध्ये आला. शीर्षकाचा अर्थ रद्दड, रस्त्यावरची पद्यरचना असा. म्हणजे हलकी मानलेली बोली येथे बुद्ध्याच मिरविली आहे. गायक ग्रिअन चॅटन आपला डब्लिनचा उच्चार कोठेही घासूनपुसून घेत नाही. एकाच वाक्याची पुनरावृत्ती करीत तो तिचा अर्थ दर आवर्तनात किंचित बदलतो, आणि गिटार त्या वाक्याच्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहते. २०२२ च्या ‘स्किंटी फिया’ मधील पहिल्या गीताचे शीर्षक आयरिश भाषेत आहे. त्यामागे एक सत्य घटना आहे. कॉव्हेंट्रीतील एका आयरिश स्त्रीच्या थडग्यावर ‘आमच्या अंतःकरणात सदैव’ या अर्थाचे आयरिश शब्द भाषांतरावाचून कोरण्यास चर्चच्या न्यायालयाने २०२० मध्ये नकार दिला. अपिलात, २०२१ मध्ये, तो निर्णय फिरला. परक्या मुलखात स्वतःच्या भाषेत मरण्याचा अधिकार, असा विषय एका गिटारगीताला पेलला ही गोष्ट लहान नाही. २०२४ चा ‘रोमान्स’ अधिक विस्तृत, अधिक चकचकीत आहे. त्याची स्वररचना सरस आहे हे मान्य करूनही म्हणावे लागते की त्यात गाव मागे पडले आहे. कीर्तीबरोबर गावाचे नाव पुसट होत जाते, हा क्रम आपल्याला अपरिचित नाही.

लंडनच्या ‘ड्राय क्लीनिंग’ चे ‘न्यू लाँग लेग’ (२०२१) व ‘स्टंपवर्क’ (२०२२) हे दोन संग्रह याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितात. फ्लॉरेन्स शॉ गात नाही, ती बोलते. तिचे बोलणे भावशून्य वाटावे इतके सपाट असते, आणि सारा भावनिक भार गिटार वाहते. शब्द व सूर यांचे हे श्रमविभाजन प्रथम विचित्र वाटते. पण तिसऱ्या-चौथ्या श्रवणात ध्यानात येते की हे आपणांस मुळीच नवे नाही. त्याकडे पुढे येऊ.

भारतीय संग्रहांत दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ चा ‘बेटा’ (२०२४) हा सर्वांत प्रगल्भ म्हणावा लागेल. ‘बिस्मिल्ला’ (२०१९) या पूर्वीच्या संग्रहातील लग्नमंडप, बँडबाजा व जुनी पाश्चात्त्य नृत्यगीते यांचे मिश्रण येथे अधिक मुरले आहे. सूर्यकांत साहनी यांचा भरदार, किंचित थकलेला स्वर ही त्याची खरी मत्ता. तथापि त्यांची गीते मुख्यतः इंग्रजी आहेत. हेच साहनी ‘लिफाफा’ या नावाने एकटे रचना करतात तेव्हा, उदाहरणार्थ ‘जागो’ (२०१९) मध्ये, हिंदीत गातात. पण तेथे गिटारऐवजी यंत्रध्वनी असतात. जणू गिटार हाती घेतली की इंग्रजी तिच्याबरोबर येते, आणि ती खाली ठेवली की मातृभाषा परतते. मुंबईच्या ‘द लाइटइयर्स एक्सप्लोड’ च्या ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’ (२०१३) या संग्रहात शीर्षकापुरता हिंदी चित्रपट आहे, गीते इंग्रजीच. पुण्याच्या ‘ईझी वाँडरलिंग्स’ चे ‘अ‍ॅज रिटन इन द स्टार्स’ (२०१७) अत्यंत सुरेल आहे. परंतु ते पुण्यात रचले गेले हे त्यातील एकाही उच्चारावरून ओळखता येणार नाही.

४

इंग्रजीत गाणे हा दोष आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह राहत्या घरी, चार मार्गिकांच्या ध्वनिमुद्रकावर, सर्व वाद्ये स्वतः वाजवून तयार केला आणि त्याच्या ध्वनिफिती स्कूटरवरून हिंडून दुकानांत पोहोचविल्या. मसुऱ्याहून फार दूर नसलेल्या गावी हे घडले. ‘स्पायरल स्क्रॅच’ च्या तोडीचे स्वावलंबन येथे होतेच. शिवाय त्यांची इंग्रजी गोव्याची होती. गोमंतकीयाचे हेल, त्याची थट्टा, त्याच्या तक्रारी तीत जशाच्या तशा होत्या. म्हणून ती उसनी वाटत नाही. प्रश्न भाषा कोणती हा नसून, त्या भाषेत गायक शेजाऱ्याला जबाबदार आहे की नाही, हा आहे.

मराठीत गिटार, ढोलके व मंद्रगिटार घेऊन उभा राहिलेला उल्लेखनीय बँड म्हणजे मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’. संतांचे अभंग ते नव्या साजात गातात. छंदाच्या दृष्टीने हा प्रयोग अभ्यसनीय आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे. इंग्रजी गीताप्रमाणे येथे आघातांची मोजणी नाही, अक्षरांची आहे. त्यामुळे चार मात्रांच्या ठोक्यात अभंग बसविताना अखेरचा आखूड चरण मोकळी जागा सोडतो, आणि त्या जागेत गिटारला उत्तर देण्यास अवसर मिळतो. मराठी गिटारला परकी नाही हे यावरून सिद्ध होते. परंतु येथे शब्दांचा अधिकार शतकांपूर्वीच प्रस्थापित झालेला आहे. तुकोबांचे शब्द गाणाऱ्याला स्वतःचे शब्द शोधण्याचे संकट पत्करावे लागत नाही. साज नवा आहे. बोलणारा मात्र अद्याप यावयाचा आहे.

५

तो बोलणारा कसा असेल याची कल्पना मसुऱ्यातील रात्री देतात. दशावताराच्या आख्यानात लिखित संहिता नसते. नट प्रसंग ठरवून घेतो आणि संवाद तेथल्या तेथे रचतो. राजे व ऋषी ग्रांथिक मराठी बोलतात. पूर्वरंगातला संकासुर मात्र मालवणीत बोलतो. ज्याने वेद पळविले त्याच्या तोंडी गावची बोली असावी, यात एक मोठा सांस्कृतिक निवाडा दडलेला आहे. परंतु प्रेक्षक जागा होतो तो त्याच्याच शब्दाने. तो बोलत असताना मृदंग व झांज त्याच्या वाक्यांना आधार देतात, मध्येच तोडतात, पुन्हा उचलतात. कोरडे बोलणे आणि भाव वाहणारे वाद्य, हे जे श्रमविभाजन लंडनमध्ये नवे म्हणून वाखाणले गेले, ते येथे अंगणात चालू आहे.

मालवणीची घडणही या कामास अनुकूल आहे. ‘माका’, ‘तुका’, ‘खय’, ‘हयसर’ असे आखूड, पहिल्या अक्षरावर पाय रोवणारे शब्द गिटारच्या तुटक आघातास सहज जुळतात. ‘मेल्या’ हा एकच शब्द माया व संताप दोन्ही वाहतो, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे केवळ हेलावरून ठरते. पोस्ट-पंकचा उपरोध याहून वेगळा काय असतो?

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या नाटकाने व मच्छिंद्र कांबळींच्या अभिनयाने मालवणी महाराष्ट्रभर नेली. पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. पण त्या यशाची एक किंमत होती. शहरी प्रेक्षकाच्या कानी मालवणी ही हसण्याची बोली ठरली. उद्या कोणी ती गिटारवर गाईली तर श्रोते पहिल्या ओळीलाच हसतील, ही भीती अनाठायी नाही. परंतु मालवणीत माणसे हसतात तशी रडतातही, कर्ज काढतात, जमिनीचे दावे लढतात, मुंबईला गेलेल्या मुलाची वाट पाहतात. हे सर्व त्याच हेलात गायिले जाईल तेव्हाच तो हसण्याचा शिक्का पुसला जाईल. डब्लिनच्या बोलीवरही एके काळी असेच शिक्के होते.

सारांश, प्रस्तुत संग्रहांतील भारतीय रचना कारागिरीत कोठेही उण्या नाहीत; घरच्या घरी मुद्रण करण्याची साधनेही आज मसुऱ्यातल्या मुलाच्या खिशात आहेत. १९७७ मध्ये ५०० पौंड लागत, आज तेही लागत नाहीत. कंपनीपासूनचे स्वातंत्र्य असे जवळजवळ फुकट मिळाल्यावर, उरलेले निम्मे स्वातंत्र्य का घेतले जात नाही, याचे उत्तर भांडवलाकडे बोट दाखवून देता येणार नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसलेला एखादा तरुण मांडीवर गिटार घेऊन इंग्रजीत गुणगुणतो आणि लगेच शेजारच्याला मालवणीत जागा सरकवायला सांगतो. त्या दोन वाक्यांमधले अंतर एका आसनाइतकेच असते. पुढील समीक्षकाने त्या अंतरावर लक्ष ठेवावे.