सास्सिकाया: वजन आणि श्वास

इतकी महागडी, इतकी नावाजलेली रेड वाइन म्हटल्यावर पहिल्याच घोटाला जिभेवर दणका बसेल, अशी अपेक्षा असते. सास्सिकाया तसं काही करत नाही. आधी पिकलेल्या करवंदांची आठवण देणारा गडद फळांचा गंध येतो, मागून देवदाराच्या लाकडाचा आणि उन्हात तापलेल्या रानझुडपांचा. तुरटपणा असतो, पण बारीक दळलेला. घोट गिळल्यावर आंबटपणाची एक सरळ रेघ बराच वेळ टिकून राहते. तिचं सगळं सौंदर्य या संयमात आहे, असं मला वाटतं.

हा संयम मिश्रणातूनच येतो. साधारण 85 टक्के कॅबर्ने सोव्हिन्यों आणि 15 टक्के कॅबर्ने फ्रां, दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या द्राक्षजाती. सोव्हिन्यों रंग, तुरटपणा आणि दीर्घायुष्य देते. पण एकटी असली की ती कडक, काहीशी बंदिस्त वाटू शकते. फ्रां तिच्याआधी पिकते, अंगाने हलकी असते आणि पाल्याचा, फुलांचा सुगंध घेऊन येते. चाखताना मी या पंधरा टक्क्यांकडेच जास्त लक्ष देतो. वाइनला वजन सोव्हिन्योंचं, श्वास मात्र फ्रांचा! मग सुमारे दोन वर्षं ती फ्रेंच ओकच्या 225 लिटरच्या पिंपांत मुरते, तरी लाकूड फळावर कुरघोडी करत नाही.

ही वाइन येते इटलीतल्या टस्कनीच्या किनाऱ्यावरच्या बोल्गेरीहून. हा मारेम्माचा मुलूख, एकेकाळी दलदलीचा आणि मलेरियाचा. उत्तम वाइन इथे होईल असं कुणाला वाटत नव्हतं. सास्सिकायाचे जनक मारियो इंचिझा देल्ला रोकेत्ता यांना मात्र फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनची ओढ होती. 1944 मध्ये त्यांनी पहिला मळा लावला तो समुद्रापासून दूर, उंच टेकडीवर, खाऱ्या वाऱ्याच्या भीतीने. पुढे मळे खाली दगडगोट्यांच्या जमिनीत उतरले, आणि ज्या समुद्राची भीती होती तोच कामी आला. त्याचा वारा घड कोरडे ठेवतो, उन्हाळ्याची धग कमी करतो. मागच्या टेकड्या थंड वारे अडवतात. निचऱ्याच्या जमिनीत मुळांना खोल जावं लागतं. फळ पुरतं पिकतं, तरी त्यातला ताजेपणा जात नाही.

सुरुवातीच्या बाटल्या चाखणाऱ्यांना ती रुचली नाही. वीसेक वर्षं ती घरापुरतीच राहिली. तळघरात पडून राहिलेल्या बाटल्यांनी कालांतराने आपला गुण दाखवला. 1968 ची वाइन पहिल्यांदा बाजारात आली. ज्याकोमो ताकिस या वाइनतज्ज्ञाने तिची घडण पक्की केली. 1978 मध्ये लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाने घेतलेल्या चाचणीत 1972 ची सास्सिकाया जगभरच्या कॅबर्नेंमध्ये अव्वल ठरली. कागदोपत्री मात्र ती तेव्हाही साधी ‘टेबल वाइन’च होती, 1983 मध्ये बोल्गेरीला अधिकृत दर्जा मिळाला, तोही फक्त पांढऱ्या आणि गुलाबी वाइनसाठी. सास्सिकायाला तो मिळायला 1994 उजाडलं.

तिला ‘इटलीची बोर्दो’ म्हणण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. जाती तिथल्या, पिंपं तिथली, हे खरं. पण रोझमेरीच्या झुडपांचा तो कोरडा गंध आणि पिकलेल्या फळातही न विझणारी ती खारट तरतरी बोर्दोत सापडत नाही. ती तिरेनियन समुद्राकाठचीच आहे.