पाताळांतील हेराक्लीस : तीन संशयित ओळी

'ओडिसी' काव्याच्या ११ व्या सर्गांत ओडिस्यूस मृतांच्या लोकीं जातो व शेवटीं त्यास हेराक्लीस दिसतो. (हर्क्युलिस हें नांव वाचकांच्या अधिक परिचयाचें आहे, आम्ही मूळ ग्रीक नांव ठेविलें आहे.) तेथें ६०२ ते ६०४ या ओळींत कवि सांगतो कीं, दिसली ती त्या वीराची नुसती छाया, तो स्वतः देवांच्या पंक्तीस असून हीबी ही त्याची भार्या आहे. या ओळींविषयीं संशय प्राचीन टीकाकारांनींच घेतला. १८८४ सालीं विलामोवित्झ या जर्मन पंडितानें तर टँटॅलस, सिसिफस यांच्यासह तो सर्वच भाग ऑर्फिक पंथाची भर ठरविला. या तीन ओळी मागाहून आल्या हें आम्हांस मान्य आहे. त्या कोणा एका लबाडाची करामत आहेत हें मान्य नाहीं.

प्रक्षेपाचीं प्रमाणें भक्कम आहेत. तीन ओळी काढल्या असतां ६०१ वी ओळ ६०५ व्या ओळीस बेमालूम जुळते. पुढें हेराक्लीस आपल्या कष्टांचें रडगाणें गातो, त्यांत आपण देव झाल्याचा शब्दही नाहीं. 'इलियड'च्या १८ व्या सर्गांत अकिलीस स्पष्ट म्हणतो कीं, हेराक्लीसही मृत्यूंतून सुटला नाहीं. शिवाय ६०४ वी ओळ हेसिअडच्या 'थिऑगनी'त अक्षरशः आढळते.

परंतु प्राचीन टीपेंत हा प्रक्षेप ओनोमाक्रिटसच्या नांवावर घातला आहे, तेथें आमचें पाऊल अडखळतें. हा गृहस्थ म्यूसिअसच्या भविष्यवाणींत स्वतःचीं वाक्यें घुसवितांना लासोस या कवीकडून पकडला गेला व हिपार्कसनें त्यास अथेन्समधून हांकलून दिलें, असें हिरोडोटस सांगतो. एकदां चोर ठरला कीं गांवांतील प्रत्येक चोरी त्याच्याच माथीं बसते; बनावट सनदा ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस हें नवें नाहीं.

खरा पुरावा पूजाविधींत आहे. हेराक्लीसचीं दोन देवालयें बांधून एकांत अमर ऑलिंपियन देव म्हणून यज्ञ व दुसऱ्यांत मृत वीर म्हणून बलि अर्पण करणारे ग्रीक लोकच योग्य करतात, असा अभिप्राय हिरोडोटसनें (इ. स. पू. ५ वें शतक) दिला आहे. त्यानंतर सुमारें सहाशें वर्षांनीं पॉसेनिअस सिकिऑन येथील चाल नोंदवितो : तेथें पूर्वीं हेराक्लीसला केवळ वीराचे बलि देत, फेस्टस नांवाच्या पुरुषानें देवाचा यज्ञ करावयास लाविलें, आणि लोकांनीं दोन्ही राखलें. कोंकरूं मारून मांड्या वेदीवर जाळावयाच्या, मांसाचा कांहीं भाग यज्ञशेषाप्रमाणें खावयाचा, उरलेला वीरास अर्पावयाचा. एकाच पशूचे असे दोन वांटे! पिंडरनें त्यास 'वीर' व 'देव' हे दोन शब्द एकत्र लाविले ते याच अर्थानें. जें सिकिऑनच्या वेदीवर होतें तेंच या ओळींत आहे : वीराचा वांटा पाताळांत, देवाचा ऑलिंपसवर. प्लोटायनसनें पुढें येथूनच जीवाच्या द्वैताचा विचार काढला. आमच्या कांहीं वाचकांस लिंगशरीर आठवेल, पण तो मोह आवरलेला बरा.

मर्त्याचें देवत्व होमरास ठाऊकच नव्हतें, हा आक्षेपही टिकत नाहीं. ५ व्या सर्गांतील ल्यूकोथिआ पूर्वीं इनो नांवाची मानवी स्त्री होती व समुद्रांत तिला देवांचा मान मिळाला, असें कवीच सांगतो. तिच्याविषयीं झेनोफनीसनें एलिआच्या लोकांस विचारलें तें मार्मिक आहे : देवता असेल तर शोक कशाला, मानवी असेल तर यज्ञ कशाला? तर्क बिनतोड आहे, परंतु सिकिऑनच्या वेदीस तो लागू पडत नाहीं.

हेसिअडच्या 'स्त्रियांची यादी' या काव्याच्या इजिप्तमध्यें मिळालेल्या पपायरसावर हेराक्लीसच्या देवत्वाच्या ओळींसमोर संशयदर्शक आडवी रेघ आहे. ओळी मात्र शाबूत आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पुरी केलेल्या महाभारतावृत्तींतही त्याज्य श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत राखले आहेत. आमच्या मतें ६०४ वी ओळ हेसिअडची म्हणून कंसांत घालावी. ६०२ व ६०३ या ओळी समासांत खूण करून जागच्या जागीं राहूं द्याव्या.