मोनेचं तळं, रत्नागिरीचा सडा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने आधी तळं खणलं, मग चित्रं काढली. हा क्रम विसरला की त्याची कुमुदं नुसतीच देखणी वाटतात, एखाद्या भेटकार्डावरच्यासारखी. 1893 साली त्याने जिव्हर्नीच्या घरासमोर, रेल्वेरुळांपलीकडे जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवून आणायचं ठरवलं. गावकरी बिथरले. ही कुठली परदेशी झाडं, पाणी नासवतील, आमची गुरं तेच पाणी पितात! शेवटी परवानगी मिळाली. युरोपच्या थंडीत टिकणारी वॉटर लिली थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत पांढरीच असायची. गुलाबी, पिवळ्या, तांबूस जाती ही लातूर-मार्लियाक या रोपवाटिकावाल्याची करामत, आणि ती त्याने 1889 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली होती. पुढे मोनेच्या तळ्यावर एक माळी होडीत बसून पानं साफ करायचा. समोरच्या रस्त्याची धूळ फुलांवर बसते म्हणून मोनेने तो रस्ता स्वतःच्या पैशाने डांबरी करून घेतला. म्हणजे कॅनव्हासला कुंचला लागण्याआधी निम्मं चित्र पाण्यात तयार असे.

म्हणून 2012 साली न्यू यॉर्क बोटॅनिकल गार्डनने ‘मोनेची बाग’ हे प्रदर्शन भरवलं, ते मला पटतं. काचेच्या भल्यामोठ्या हरितगृहात जिव्हर्नीचे ताटवे, घराचा दर्शनी भाग आणि मोनेच्या तळ्यावरचा तो प्रसिद्ध जपानी पूल उभा केला होता, बाहेरच्या हौदांत वॉटर लिली होत्या. मे ते ऑक्टोबर फुलं ऋतूप्रमाणे बदलत गेली. सोबत मोनेची मूळ चित्रं दोनच, आणि त्याची रंगाची पाटी. त्याच बागेने 2025 मध्ये व्हॅन गॉगच्या फुलांवर प्रदर्शन केलं, तेव्हा मोठाली सूर्यफुलं शिल्पांतून उभी करावी लागली. लागणारच. व्हॅन गॉगची 1888 ची सूर्यफुलं खुडून फुलदाणीत ठेवलेली आहेत, मातीशी त्यांचं नातं तुटलंय. मोनेचं फूल मात्र पाण्यावरच आहे, ते लावून दाखवता येतं.

लावून दाखवता येत नाही ती त्याची नजर. 1899 च्या चित्रांत पूल आहे, काठ आहे, मागे झाडी आहे. आपण कुठे उभे आहोत ते कळतं. पुढच्या काही वर्षांत काठ वर वर सरकत चौकटीबाहेर जातो. क्षितिज नाहीसं होतं. उरतं फक्त पाणी, आणि आकाश दिसतं ते खाली. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयातल्या दोन लंबगोल दालनांत दोन मीटर उंचीची आठ चित्रं भिंतींच्या वळणाने लावली आहेत. त्यातल्या ‘ढग’ या चित्रात दोन्ही बाजूंना झाडांच्या काळसर छाया आणि मध्ये गुलाबी झाक असलेले पांढरे ढग. जवळ जाऊन कुंचल्याची चाल बघावी. पानांचे फटकारे आडवे, प्रतिबिंबांचे उभे. पाणी असं कुठे रंगवलेलंच नाही! आडवं आणि उभं एकमेकांना जिथे छेदतं तिथे डोळाच पाणी मानून घेतो. मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेला माणूस हे करत होता. 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली, तरी चित्रांवरचा हात थांबला नाही. दालनं 1927 च्या मे महिन्यात उघडली. तो आदल्या डिसेंबरातच गेला होता.

आता आपल्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, या. गणपती गेल्यावर पावसाचा जोर ओसरतो तेव्हा रत्नागिरीच्या आसपास कुठल्याही सड्यावर, चंपक मैदानाकडे म्हणा, उक्षीकडे म्हणा, कातळातल्या खळग्यांत घोट्याएवढं पाणी असतं. उभ्याने पाहिलं तर हिरवं-पांढरं काहीतरी पसरलेलं दिसतं आणि माणूस फोटो काढून गाडीत बसतो. खाली बसा. बसलात की क्षितिज जातं आणि ढग खाली येतात, जे साधायला मोनेला वर्षं लागली. पाण्यावर कुमुदिनीची गोल, देठाशी चिरलेली पानं आडवी पसरलेली. वॉटर लिलीच्या पानासारखीच, पण कुळ निराळं. तिचं पांढरं फूल बोटाच्या पेराएवढं, गळ्याशी पिवळं, आणि पाकळ्यांवर इतकी बारीक झालर की वाटावं कुणी क्रोशाने विणलीय. काठाला गेंदाच्या पांढऱ्या बोंडांच्या सरळ काड्या, पाण्यात त्यांची तितकीच सरळ प्रतिबिंबं. आडवं आणि उभं, तीच वीण.

मधेमधे सीतेच्या आसवांची जांभळी निळाई. नाव हळवं, पण झाड शिकारी. कातळावर माती बोटभर आणि निकस, म्हणून जमिनीखालच्या सूक्ष्म फुग्यांत हे बारीक जीव ओढून घेतं. या रंगाची किंमत अशी चुकती होते.

एका बाबतीत आपला सडा मोनेच्या पुढे आहे, असं मी बेधडक म्हणतो. मोनेच्या तळ्याला तळ दिसत नाही. इथे आकाश आणि फुलं यांच्या खाली ओला काळा कातळ स्पष्ट दिसतो. ढगाच्या प्रतिबिंबातून जांभ्याची भोकं डोकावतात. दोनाऐवजी तीन थर. हा तिसरा थर कसा रंगवावा, हे कोडं सोडवणारा चित्रकार मला अजून भेटलेला नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या प्र. अ. धोंडांनी जलरंगात समुद्र असा उतरवला की कागद ओला वाटावा. सड्यालाही तसा हात हवाय.

तिकडे न्यू यॉर्कला दुसऱ्या देशातली बाग काचेखाली उभारतात. इकडे सातबाऱ्यावर ही जमीन बहुधा पोटखराबा म्हणून पडते, मग तिथे चिऱ्याची खाण निघते, नाहीतर मातीचा भराव टाकून कलमं लागतात. चिरा आणि आंबा दोन्ही लागतात, कबूल. पण कुठला सडा राखायचा हे ठरवण्याआधी तो पावसानंतर एकदा पाहून यायला काय हरकत आहे?

गणपती आणि नवरात्र यांच्यामधला एखादा दिवस काढा, सकाळचे जा. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, चाक सड्यावर चढवू नका. काही उपटून आणू नका; ती फुलं कुंडीत जगत नाहीत.