दुःखाचा हेतू आणि दुःखाचा समुदय

पंडिता रमाबाईंचे १९०७ चे इंग्रजी आत्मनिवेदन आम्ही पुन्हा वाचले. दुष्काळात आईवडील व बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मागे वळून पाहता या साऱ्या वाटचालीत त्यांना ईश्वराचा हात दिसतो.

मराठीत ‘हेतू’ म्हणजे उद्देश. पालीत ‘हेतु’ म्हणजे कारण. सारा मतभेद या एका शब्दात आहे. तथागतांनी दुःखाचा उद्देश विचारला नाही, समुदय शोधला. अंगुत्तरनिकायातील तित्थायतन सुत्तात ‘इस्सरनिम्मानहेतु’ या मतावर आक्षेप आहे तो असा, की सुखदुःख ईश्वरनिर्मित मानले म्हणजे कर्तव्य-अकर्तव्याचा विचार व प्रयत्न उरत नाही.

हा आक्षेप रमाबाईंवर जसाच्या तसा लादणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणून त्यांनी केडगावी वसविल्या. प्रयत्न येथे थांबला नाही, वाढला. (आमच्यातील किती विहारांना हे साधले?)

आमचा प्रश्न निराळा आहे. त्याच दुष्काळात ज्या मुली केडगावपर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्यांच्या मरणाचा उद्देश कोणता? रमाबाईंच्या निवेदनात याचे उत्तर आम्हास सापडले नाही.