परभणी जंक्शनवरचे तीन रंग

परभणीहून रेल्वेचे तीन मार्ग फुटतात : मानवत रोडकडे, पूर्णेकडे आणि गंगाखेडकडे. तिन्हींच्या कडेने प्रकाशतंतू टाकला आहे असे समजू. मानवत-पूर्णा, पूर्णा-गंगाखेड आणि गंगाखेड-मानवत असे तीन संदेश एकाच वेळी चालू ठेवायचे आहेत. एका तंतूत एकाच तरंगलांबीचे दोन संदेश सोडले, तर ते एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येकाला वेगळा ‘रंग’ हवा, आणि तो वाटेत बदलायचा नाही. प्रत्येक मार्गावर संदेश दोनच आहेत. मग दोन रंग पुरतील? विद्यार्थ्यांना खडूने करून पाहू द्या. कोणतेही दोन संदेश कुठल्या तरी मार्गावर एकत्र येतातच. रंग तीन लागतात.

प्रभाकर राघवन आणि एली उपफाल यांनी १९९४ साली दाखवले, की फांद्या असलेल्या पण कुठेही वेढा न पडणाऱ्या जाळ्यात ‘भारा’च्या, म्हणजे सर्वांत गजबजलेल्या मार्गावरील संदेशांच्या, दीडपट रंग नेहमी पुरतात. सिद्धता फार देखणी आहे. विद्युत्-जोडणीत एका बिंदूला मिळणाऱ्या तारा वेगवेगळ्या रंगांच्या हव्यात, या प्रश्नावर क्लॉड शॅनन यांनी १९४९ सालीच दीडपटीचा नियम दिला होता. तो एकेका जंक्शनला लावायचा. आधी परभणी रंगवा. मग पूर्णा, जिथून नांदेड आणि हिंगोलीकडे फाटे जातात, स्वतंत्रपणे रंगवा. परभणी-पूर्णा मार्गावरच्या संदेशांचे रंग दोन्हीकडे जुळणार नाहीत. पण त्या मार्गावर प्रत्येकाचा रंग वेगळाच असल्यामुळे पूर्णेच्या रंगांची नावे बदलली की जुळतात. दहावीच्या हुशार मुलाला हे पटवता येते.

माझी तक्रार सिद्धतेबद्दल नाही, ती ज्या तऱ्हेने सांगितली जाते त्याबद्दल आहे. ‘दीडपट’ म्हणजे आसन्न रीतीची पन्नास टक्के चूक, असे मी व्याख्यानांत ऐकले आहे. ते खरे नाही. ही तुलना सर्वोत्तम उत्तराशी नाही, भाराशी आहे. परभणीत भार दोन, रीतीचे उत्तर तीन, आणि सर्वोत्तम उत्तरही तीनच! चूक शून्य. भार मोजायला सोपा, म्हणून तो गज हाती घेतला. कारण पुष्कळ फाट्यांच्या जंक्शनवर सर्वोत्तम उत्तर झटपट काढण्याची रीत कोणालाच ठाऊक नाही. (तीन फाट्यांवर मात्र ते हातानेच निघते.)

दुसरा आक्षेप मूळ प्रश्नावरच आहे. इथे सगळ्या मागण्या आधीच कागदावर आहेत. प्रत्यक्षात त्या एकेक येतात आणि चालू संदेशाचा रंग बदलणे परवडत नाही. तसे झाले तर फाटा नसलेल्या सेलू-परभणी-पूर्णा अशा सरळ मार्गावरही, जिथे भाराइतकेच रंग पुरायला हवेत, भाराच्या तिपटीहून दोन कमी इतके रंग लागू शकतात. हे किअरस्टेड आणि ट्रॉटर यांनी १९८१ सालीच सिद्ध केले होते. त्यांच्याच रीतीने तेवढे पुरतातही.

शिवाय रंग मागाल तितके मिळत नाहीत. यंत्रणा चाळीस किंवा ऐंशी रंगांची बसवली की तेवढेच. परभणीच्या उदाहरणात दोनच रंग असतील, तर एक संदेश थांबवावा लागेल, किंवा परभणीत प्रकाशाचे विजेत रूपांतर करून नव्या रंगावर पुढे पाठवणारे महागडे यंत्र बसवावे लागेल. थांबवायचा तर कोणाचा, गंगाखेड-मानवतचा की पूर्णेचा, हे दीडपटीचा नियम सांगत नाही. त्याला तसे विचारलेलेच नाही.